कायदा फाटकावर लावा!

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी, आमच्या कार्यालयात एक गृहस्थ आले. एका मोठ्या इंजिनिअरिंग कारखान्यात त्यांनी वीस वर्षे टर्नर म्हणून काम केलेले. युनियनचे ते जुने सभासद. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आणि दोन जुने लेथ एवढ्या भांडवलावर त्यांनी औद्योगिक वसाहतीत भाड्याची शेड घेतली आणि आज त्यांच्याकडे १४ माणसे कामाला आहेत. संहितांविषयीच्या इंग्रजी मजकुराचे मराठी रूपांतर करण्याचे काम त्या दिवसांत माझ्याकडे होते, हे त्यांना कोणीतरी सांगितले असावे. बसता बसताच त्यांनी विचारले, "ताई, त्या कायद्यांचं भाषांतर तुम्हीच करता ना? मग मला एवढंच सांगा, माझा कारखाना आता कारखाना राहिला आहे की नाही?"

"काका, तुमच्या सल्लागाराला नाही विचारलंत?"

"विचारलं की. तो म्हणाला, नियम येऊ द्या, मग सांगतो. महिन्याची फी मात्र त्यानं आधीच वाढवली."

प्रश्न एका ओळीचा होता. त्याचे उत्तर शोधण्यात माझे दोन दिवस गेले. ज्या कायद्याच्या मजकुराशी मी महिनोन् महिने झटत होते, तो कायदा एका शेडला लागू करून पाहताना मला इतका वेळ लागावा, याची मला लाज वाटली. परंतु त्याच वेळी ही लाज केवळ माझी नाही, हेही ध्यानात आले.

"कायदे इतक्या वेळा बदलतात की मालकाला त्यांच्याबरोबर धावताच येत नाही" ही तक्रार आपल्या चळवळीत बहुधा थट्टेवारी नेली जाते. ती करणारा कोण, हे पाहिल्याशिवाय तिची थट्टाही करू नये आणि तिच्याविषयी कळवळाही दाखवू नये. बड्या कंपनीपाशी विधी विभाग असतो, पगारी वकील असतात, उद्योगपतींच्या महासंघात तिला खुर्ची असते. मसुदा तयार होत असतानाच तिचे म्हणणे मंत्रालयात पोचलेले असते. कायदा तिच्या दारी येण्यापूर्वी ती कायद्याच्या दारी जाऊन आलेली असते. तिच्या तोंडी ही तक्रार शोभत नाही. परंतु स्वतः लेथवर उभा राहणारा, महिनाअखेरीस पगाराची जुळवाजुळव करताना घामाघूम होणारा छोटा उत्पादक जेव्हा हीच तक्रार करतो, तेव्हा ती खरी असते. तिची कारणे समजून घेणे हे मक्तेदार भांडवलाविरुद्ध व्यापक आघाडी उभारू पाहणाऱ्या पक्षाचे कामच आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या ठिकाणी मालकाला कायदा कळत नाही, त्या ठिकाणी कामगारालाही तो कळत नाही. अज्ञान दोघांचे सारखे असले तरी त्याची किंमत दोघे सारखी मोजत नाहीत. मालकाचे अज्ञान दंडाने, बहुतेक वेळा तडजोडीने, कधी हप्त्याने निभावते. कामगाराचे अज्ञान मात्र त्याचे वेतन, त्याचा हात, त्याची नोकरी घेऊन जाते. म्हणून कायदा कळत नाही या तक्रारीवरचा उपाय कायदा आखूड करणे हा नव्हे. तो उघड्यावर, फाटकावर, तेथे काम करणाऱ्यांच्या भाषेत मांडणे हा आहे.

शासनकर्त्यांचा दावा याच्या उलट आहे. ते सांगतात की २९ कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, आता सारे सुलभ झाले. वेतन संहिता २०१९ साली संमत झाली आणि तिने चार कायदे पोटात घेतले. औद्योगिक संबंध संहितेने तीन, सामाजिक सुरक्षा संहितेने नऊ आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने तेरा कायदे घेतले. या शेवटच्या तीन संहिता सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीच्या ऐन भरात आणि विरोधी पक्ष सभागृहाबाहेर असताना, संसदेने दोन दिवसांत मंजूर केल्या. ज्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसून अशा बदलांचा विचार करत आल्या, तिची ४६ वी बैठक जुलै २०१५ मध्ये झाली होती. त्यानंतर या संहिता संमत होईपर्यंत ती एकदाही बोलावली गेली नाही. ज्यांना कायदा पाळायचा आणि ज्यांच्यासाठी तो पाळायचा, त्या दोघांनाही न विचारता केलेला कायदा पुढे दोघांनाही कळेनासा होतो, यात नवल ते काय?

तेव्हा काकांच्या प्रश्नाकडे वळू. संहितांच्या पानापानांवर आकड्यांची एक शिडी उभी आहे. त्या शिडीच्या कोणत्या पायरीवर आपण उभे आहोत हे ओळखणे म्हणजेच निम्मा कायदा ओळखणे होय.

पहिली पायरी एका माणसाची. आपल्या आस्थापनेत एकच कामगार असला तरी किमान वेतन द्यावे लागते. एकाच कामासाठी स्त्री आणि पुरुष यांना समान वेतन द्यावे लागते. मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी द्यावा लागतो आणि काम सोडून जाणाऱ्याचा किंवा काढून टाकलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. दुसरी पायरी दहांची. येथून राज्य कामगार विमा योजना, ग्रॅच्युइटी, सुरक्षा संहितेखालील मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये आणि प्रत्येकाला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन सुरू होते. ज्यांना असे पत्र कधीच मिळाले नव्हते, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते देणे भाग होते. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा या चार संहितांत नाही, तो स्वतंत्रपणे चालू आहे. त्याखालील अंतर्गत समितीही दहांच्या पायरीवरच येते. तिसरी पायरी विसांची: भविष्य निर्वाह निधी, बोनस, तक्रार निवारण समिती. चौथी पायरी पन्नासांची: पाळणाघर आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी. शेवटची पायरी तीनशेंची. स्थायी आदेश आणि कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी, ही दोन्ही बंधने तेथून सुरू होतात.

काकांचा कारखाना विजेवर चालतो. १९४८ च्या केंद्रीय कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत हा आकडा वीस झाला; विजेविना चालणाऱ्या ठिकाणांसाठी तो विसांवरून चाळीस झाला. म्हणजे १४ माणसांची ही शेड आता कायद्याच्या भाषेत "आस्थापना" आहे, "कारखाना" नाही. परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. काही राज्यांनी हे आकडे संहितेपूर्वीच आपापल्या दुरुस्त्यांनी वाढवले होते. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्यामुळे त्यांना तशी मुभा होती. राजस्थानने २०१४ साली कारखान्यासाठी २० आणि ४०, कंत्राटी कामगारांसाठी ५०, कामगार कपातीच्या परवानगीसाठी ३०० असे आकडे करून घेतले, आणि केंद्राने सहा वर्षांनी नेमके तेच उचलले. राजस्थानात रंगीत तालीम झाली आणि दिल्लीत प्रयोग. आपला कारखाना नेमका कोणत्या दिवशी कारखाना राहिला नाही, हे देशातल्या किती छोट्या मालकांना सांगता येईल? आणि त्याच दिवशी आपल्या यंत्राभोवतीचे कोणते कायदेशीर संरक्षण गळून पडले, हे तेथील किती कामगारांना ठाऊक असेल?

यालाच सुलभीकरण म्हणतात. शिडीच्या पायऱ्या वर उचलल्या की खालच्या मजल्यावरील मालकाला वाचायला कमी उरते हे खरे; पण ते कमी होते, कारण त्याच्या कामगारांना तो कायदाच उरत नाही. कामगार कपातीच्या परवानगीचा आकडा १९७६ साली ३०० होता. कामगार चळवळीच्या रेट्यामुळे पुढे तो १०० वर आणला गेला. आता तो पुन्हा ३०० झाला आहे, आणि संबंधित सरकारला तो केवळ अधिसूचना काढून आणखी वाढवता येईल अशी तरतूद संहितेतच करून ठेवली आहे. म्हणजे उद्या हा आकडा बदलायचा झाल्यास त्यासाठी विधेयक नको, सभागृहातील चर्चा नको. राजपत्रातला एक कागद पुरेसा होईल.

अनुवाद करणाराला या संहितांत एक शब्दप्रयोग पुनःपुन्हा भेटतो: "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे". नोंदवही कोणत्या नमुन्यात ठेवायची? विहित करण्यात येईल त्याप्रमाणे. नोटीस कोणत्या रीतीने द्यायची? विहित करण्यात येईल त्याप्रमाणे. काही कलमांत तर कर्ता, कर्म आणि हा शब्दप्रयोग सोडला तर क्रियापद तेवढे उरते. याचा अर्थ असा की कायद्याचे मांस कायद्यात नाही. ते नियमांत, योजनांत आणि अधिसूचनांत आहे. संहिता लागू झाल्या त्या दिवशी अनेक नियम अंतिम झालेलेच नव्हते, आणि संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांखालील संबंधित तरतुदी व नियम चालू राहतील असे सरकारला सांगावे लागले. मग मालकाने वाचायचे काय? नवी संहिता, जुने नियम, राज्याचा मसुदा की सल्लागाराचा चेहरा? संसदेने जे ठरवायचे ते कार्यकारी सत्तेच्या हाती सोपवले की कायदा अधिक चपळ होतो असे भांडवली पंडित सांगतात. प्रत्यक्षात या चपळाईचा लाभ त्यालाच होतो, ज्याच्याकडे राजपत्र रोज चाळण्यासाठी माणूस ठेवलेला असतो.

अधिसूचनेच्या मागे धावणाऱ्याचे काय होते, हे गुजरातने २०२० साली दाखवून दिले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीचे निमित्त पुढे करून, गुजरात सरकारने कारखाना कायद्यातील "सार्वजनिक आणीबाणी"च्या कलमाचा आधार घेतला आणि दिवसाला बारा तास व आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा दिली. जादा तासांसाठी दुप्पट दर देण्याची गरज नाही, असेही जाहीर केले. उद्योगपतींनी या बदलाचे स्वागत केले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचना रद्द ठरवल्या. महामारीमुळे आलेल्या आर्थिक अडचणी म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका असलेली आणीबाणी नव्हे असे सांगितले, आणि मधल्या काळात जादा तास काम केलेल्या कामगारांना कायद्याच्या दराने पैसे देण्याचा आदेश दिला. ज्या मालकाने "नवा कायदा" म्हणून ही अधिसूचना अमलात आणली, त्याच्या डोक्यावर सहा महिन्यांची थकबाकी बसली. ज्याने ठरलेले तास आणि दुप्पट दर हे साधे सूत्र सोडले नाही, त्याला काहीच बदलावे लागले नाही. ही लढाई गुजरातमधील कामगार संघटनांनी न्यायालयात नेली होती, हेही ध्यानात ठेवावे.

या सगळ्यात हरवले काय, तर फाटकावरचा फलक. १९४६ च्या स्थायी आदेशांविषयीच्या कायद्यात नववे कलम होते. प्रमाणित झालेले आदेश मालकाने इंग्रजीत आणि आपल्या बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, बहुसंख्य कामगार ज्या प्रवेशद्वारातून आत येतात तेथे वा त्याच्याजवळ खास फलकांवर लावावेत, असे ते सांगत होते. कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमातही कामगारांना समजणाऱ्या भाषेचा असाच आग्रह होता. कायदा करणाऱ्यांनी हे कलम उगाच घातले नव्हते. रजा किती, गैरवर्तन कशाला म्हणायचे, कामावरून काढण्यापूर्वी कोणती चौकशी व्हायला हवी, हे मालकाच्या कपाटात असेल तर ती मालकाची मर्जी ठरते. तेच फाटकावर असेल तर तो कायदा ठरतो. तीनशेच्या आतली सारी ठिकाणे केंद्रीय संहितेच्या स्थायी आदेशांच्या प्रकरणाबाहेर गेल्यामुळे आपल्या देशातील असंख्य फाटकांवरून ही बंधनकारक पाटी उतरणार आहे. वेतन संहितेने संहितेचा गोषवारा, वेतनाचे दर, पगाराचा दिवस आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता दर्शनी जागी लावण्याचे बंधन मालकावर घातले आहे, ही तेवढीच जमेची बाजू. तिचा आपण पुरेपूर उपयोग केला पाहिजे.

आता भाषेचा प्रश्न. केंद्रीय कायद्याचा अधिकृत पाठ राज्यघटनेप्रमाणे इंग्रजीत असतो. तथापि १९७३ साली संसदेने केंद्रीय कायद्यांच्या प्राधिकृत अनुवादांविषयी एक कायदा केला. त्यानुसार राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला प्रादेशिक भाषेतील अनुवाद त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. अर्धशतकापूर्वी केलेली ही तरतूद पुस्तकात आहे. परंतु कायदा लागू होण्याची तारीख एक आणि अनुवाद हाती पडण्याची तारीख दुसरीच, असा आजवरचा शिरस्ता आहे. दंड होण्यासाठी अनुवादाची वाट पाहिली जात नाही. हक्क कळण्यासाठी मात्र ती पाहावी लागते.

हा प्रश्न केवळ मराठीचा आहे असे कोणी समजू नये. "बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा" हे सूत्र वर्गीय आहे, प्रांतीय नाही. सुरतेच्या यंत्रमागांवर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे कामगार मोठ्या संख्येने आहेत. तेथील फलक ओडियातही हवा. तिरुप्पूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत उत्तरेकडून आणि पूर्वेकडून आलेल्या मजुरांना तमिळ वाचता येत नाही. काकांच्या शेडमध्येही चौदांपैकी आठ जण हिंदी बोलणारे आहेत. मी मराठीची अनुवादक. परंतु त्यांच्या फलकावर पहिली ओळ हिंदीत असावी, असे मीच त्यांना सुचवले.

अनुवाद करताना एका पदनामाने मला फार छळले. जुन्या कायद्यांत इन्स्पेक्टर होता. नव्या संहितांत त्याचा "इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर" झाला. निरीक्षक हा शब्द तयार होता. दुसऱ्या पदासाठी सुलभक, सुविधाकार, साहाय्यक असे पर्याय मी मांडून पाहिले. प्रत्येक वेळी प्रश्न तोच: सुलभ कोणासाठी? या अधिकाऱ्याने वेतन संहितेखालील खटला भरण्यापूर्वी मालकाला चूक सुधारण्याची लेखी संधी द्यायची आहे. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तरच ही संधी मिळणार नाही. काही गुन्हे जास्तीत जास्त दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटवता येणार आहेत. नकळत चुकलेल्या छोट्या मालकाला सुधारण्याची संधी मिळावी, याला आमचा विरोध नाही. पण ज्याला पगारच कमी मिळाला त्याच्यासाठी सुलभ काय केले? कामगार तपासणीविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४७ चा करार, क्रमांक ८१, भारताने १९४९ साली मान्य केला. निरीक्षकाने पूर्वसूचना न देता कामाच्या ठिकाणी जावे, हे त्यातले मूळ तत्त्व आहे. सल्ला देणारा आणि तपासणी करणारा ही दोन कामे दोन माणसांकडे हवीत. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या घातल्या की शेवटी त्याच्या हातात एकच पाकीट पडते, हे औद्योगिक वसाहतीतल्या कोणालाही सांगायला नको.

या संहिता कामगारांच्या संघटित शक्तीवर आघात करणाऱ्या आहेत. संपासाठी प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत चौदा दिवसांची पूर्वसूचना सक्तीची झाली आहे. पूर्वी नोटिशीची ही सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप ठरतो. म्हणूनच २६ नोव्हेंबर २०२० आणि ९ जुलै २०२५ रोजी देशभरातील कामगारांनी संप करून या संहितांचा निषेध केला. त्या रद्द व्हाव्यात ही मागणी कायम आहे. परंतु ती मान्य होईपर्यंत हाती असलेल्या कलमांकडे पाठ फिरवणे हा क्रांतिकारकपणा नव्हे, आळस आहे. वेतनाची नवी व्याख्या पाहा. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची आहे. एखाद्याला महिना २०,००० रुपये मिळतात, त्यात मूळ पगार ७,००० आणि भत्ते १३,००० आहेत. तर भत्त्यांतले ३,००० वेतनात येतील आणि वेतन १०,००० धरले जाईल. त्याची ग्रॅच्युइटी नोकरीच्या दर वर्षामागे ४,०३८ रुपयांऐवजी ५,७६९ रुपये होईल. ठरावीक मुदतीच्या नोकरीवर असलेल्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळेल. वेतनाची थकबाकी मागण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. या गोष्टी किती शाखांच्या बैठकांत वाचून दाखवल्या गेल्या?

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. कायदा पाळणाऱ्या मालकाचा प्रश्न आपण नेहमी दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवतो. पण आपणही मालक आहोत. कामगार संघटनांच्या कार्यालयांत लेखनिक असतो, सहकारी संस्थांत शिपाई असतो, ग्रंथालयात झाडणारी बाई असते, नियतकालिकांत मजकूर जुळवणारे आणि मुद्रिते तपासणारे असतात. पक्षाच्या कामात येण्यापूर्वी मी एका पुरोगामी म्हणवणाऱ्या प्रकाशन संस्थेत दोन वर्षे अनुवादाचे काम केले. नियुक्तिपत्र नव्हते, पगार व्हाउचरवर, तोही हात मोकळा होईल तेव्हा. त्या दोन वर्षांत मी जी पुस्तिका मराठीत आणली, तिचा विषय कंत्राटी कामगारांचे शोषण हा होता. संस्थेचे लोक दुष्ट नव्हते. चळवळीत हिशेब मागणे बरे दिसत नाही असे त्यांना वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

घराकडे पाहिले तरी हेच. वेतन संहितेच्या ५० व्या कलमाने शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवही, फलक आणि पगारपावती यांतून सूट दिली आहे. परंतु मागणी झाल्यास वेतन दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागेल, असेही तेच कलम सांगते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट असावी का याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार भारताने मान्य केलेला नाही. या मागण्या आम्ही मोर्च्यांत मांडतो. पण आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी ठरवून दिली आहे का, आणि आजारपणात त्यांचा पगार कापला जातो का, हे विचारले तर आपल्यातल्या कितींची मान वर राहील? मी माझ्यापुरते सांगते: गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरी एक साधी वहीसुद्धा नव्हती. आता आहे, आणि तिच्यात मावशींची सही आहे.

म्हणून मागणी दुहेरी आहे. सरकारकडे मागणी ही की, कामगारविषयक कोणताही कायदा, नियम किंवा अधिसूचना ज्या दिवशी लागू होईल, त्याच दिवशी तिचा प्राधिकृत पाठ त्या त्या राज्याच्या भाषेत, जुन्या आणि नव्या तरतुदी शेजारी शेजारी मांडून, विनामूल्य मिळावा. तो मिळेपर्यंत नवी तरतूद लागू होऊ नये. प्रत्येक कामगार कार्यालयात छोट्या मालकांना आणि कामगारांना लेखी उत्तर देणारा कक्ष असावा, आणि त्या उत्तराची जबाबदारी शासनाने घ्यावी. कामगारांची संख्या कितीही असली तरी फाटकावरचा फलक बंधनकारक असावा. श्रम परिषदेत चर्चा झाल्याशिवाय एकही आकडा बदलला जाऊ नये. आपल्या स्वतःकडे मागणी ही की, प्रत्येक संघटनेने, प्रत्येक सहकारी संस्थेने आणि प्रत्येक शाखेने आधी आपल्या कार्यालयात नियुक्तिपत्रे द्यावीत, आपला फलक लावावा आणि मग दुसऱ्याच्या फाटकावर बोट ठेवावे.

काकांकडे मी तिसऱ्या दिवशी गेले. सोबत एका कागदावर पाच ओळी नेल्या होत्या: किमान वेतनाचा दर, पगाराचा दिवस, जादा तासाचा दुप्पट दर, विम्याचा क्रमांक, निरीक्षकाचे नाव आणि पत्ता. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "दुप्पट दराची ओळ जरा खाली घ्या ना, ताई."

"का हो, काका?"

"आम्ही दीडपट देतो. आजवर कोणी विचारलं नाही."

मी काहीच बोलले नाही. लेथवरचा एक तरुण यंत्र बंद करून आमच्यामागे येऊन उभा राहिला होता आणि मान वाकवून कागद वाचत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिले, खिशातून पेन काढले, त्या ओळीखाली रेघ ओढली आणि कागद त्याच्याच हातात दिला. "फाटकाशेजारी लाव," ते म्हणाले, "आणि याच महिन्यापासून."

कायद्याबरोबर धावणे म्हणतात ते एवढेच असते. त्यासाठी प्रत्येक मालकाने सल्लागार ठेवावा लागत नाही. आपला कामगार तो कायदा वाचू शकेल, इतका तो उघडा ठेवावा लागतो. आणि वाचलेल्या ओळीचा हिशेब मागणारी संघटना त्याच्या पाठीशी उभी असावी लागते. फलक लावून घेणे आणि ती संघटना उभी करणे, ही दोन्ही कामे आपली आहेत.